खाज सांगायला लाज कसली?



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज रात्री ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. वाचन संपलं, सरणत्तय झालं, की बायका आपापल्या चपला शोधत घराकडे निघतात. गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता आणि एक बाई सतरंजीची घडी करायच्या निमित्तानं मागे रेंगाळत होती. एकच सतरंजी तिनं तीनदा घडी केली. मी ओळखलं, हिला काहीतरी सांगायचंय.

“ताई, कुणाला बोलू नका. मला खाली लई खाज येतीय. तीन महिने झाले. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.”

वय चाळीसच्या आसपास. चार घरची धुणीभांडी करते. पहिला महिना तिनं नुसता सहन करून काढला. दुसऱ्या महिन्यात शेजारीण म्हणाली, उष्णता वाढली असेल, सब्जा पी. सब्जा पिऊन झाला. मग तिनं मुलाला मेडिकलवर पाठवलं. मुलाला खरं कसं सांगायचं? म्हणाली, “मांडीला खाज सुटलीय, ट्यूब दे म्हण.” दुकानदारानं मांडीच्या गजकर्णाची ट्यूब दिली. ती हिनं आत-बाहेर लावली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी दुप्पट खाज. अशा चार ट्यूबा संपल्या. कातडी सोलवटली, लघवीला आग व्हायला लागली. नवऱ्याला जवळ येऊ देईना, तेव्हा तो म्हणाला, “कुठून काय घेऊन आलीस?” त्या दिवसापासून ती पोटमाळ्यावर झोपत होती.

दुखणं तसं साधं होतं. पण लाजेपोटी जागा चुकीची सांगितली, म्हणून औषधही चुकीचं आलं. या महिन्याचं पान त्यासाठीच.

हे दुखणं आहे काय?

पावसाळ्यात भाकरी दोन दिवस डब्यात राहिली की तिच्यावर बुरशी धरते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बुरशीच्या अनेक जाती आहेत. त्यातली कॅन्डिडा नावाची एक जात अनेक बायकांच्या योनीमार्गात आणि आतड्यात थोड्या प्रमाणात असतेच. ती तिथं गुपचूप राहते, काही त्रास देत नाही. कारण योनीमार्गात चांगले जंतूही राहतात. ते तिथं आंबटपणा टिकवतात आणि बाकीच्यांना हातपाय पसरू देत नाहीत.

हा तोल बिघडला की बुरशी वाढते. मग खाज सुटते, आग होते, बाहेरची जागा लाल होऊन सुजते, लघवी लागून चुरचुरते, संबंधाच्या वेळी दुखतं. पांढरं जातं ते बऱ्याचदा फाटलेल्या दुधासारखं किंवा दह्याच्या गाठीसारखं असतं आणि त्याला फारसा वास नसतो. काहींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास जास्त जाणवतो. दर चार बायकांमागे साधारण तीन जणींना आयुष्यात एकदा तरी हे होतं. म्हणजे विहारात माझ्यासमोर चाळीस बायका बसल्या असतील, तर त्यातल्या तीसेक जणींचा याच्याशी कधी ना कधी संबंध येणार. आणि प्रत्येकीला वाटतं, आपल्या एकटीलाच झालंय.

पांढरं जाणं म्हणजे रोगच नव्हे

आपल्याकडे अंगावरून पांढरं जाणं, धुपणी, पदर, अशी याला बरीच नावं आहेत. आणि एक भीती पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, की हाडं झिजून पांढरं जातं. असं काही नसतं. हाडाचा आणि या पाण्याचा काही संबंध नाही. थकवा, कंबरदुखी, चक्कर येत असेल तर त्याचं कारण वेगळं शोधायला हवं. बऱ्याचदा ते रक्त कमी असण्यात सापडतं. त्यासाठी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

निरोगी बाईलाही थोडं पांढरं, चिकट किंवा पाण्यासारखं जातंच. दोन पाळ्यांच्या मध्ये ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं तारेचं होतं. गरोदरपणात वाढतं. खाज नाही, घाण वास नाही, दुखत नाही, तर ते औषध मागत नाही.

खाज आणि दह्यासारखं पांढरं असेल तर बुरशीचा संशय घ्यायचा. पण पातळ, करडं पाणी आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, असेल तर बहुधा जंतूंचा तोल बिघडलेला असतो. त्याचं औषध वेगळं. पिवळं-हिरवं, फेसाळ, वासाचं पाणी जात असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूची शक्यता असते. तो संबंधातून पसरतो आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तिन्हींमध्ये पांढरं जातं, तिन्हींमध्ये खाज येऊ शकते. बुरशीचं औषध जंतूंना लागू पडत नाही, आणि जंतूंचं औषध बुरशीला उलट वाढवू शकतं. म्हणून अंदाजानं औषध घ्यायचं नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात ड्युटी करत होते तेव्हाची गोष्ट. मला हाच त्रास सुरू झाला. रोज शंभर बायकांच्या तक्रारी ऐकणारी मी, पण स्वतःची तक्रार सोबतच्या डॉक्टरला सांगायला जीभ उचलेना. मनानेच ठरवलं, बुरशी असणार. गोळी घेतली. काही फरक नाही. आठवड्यानं पुन्हा घेतली. शेवटी एका वडीलधाऱ्या सिस्टरनं हाताला धरून तपासणीला नेलं, तेव्हा कळलं, ती बुरशी नव्हतीच. दुसऱ्या गोळ्यांनी आठ दिवसांत बरं वाटलं. डिप्लोमा हातात असून माझा अंदाज चुकला, तर मांडीची ट्यूब मागवणाऱ्या बाईला काय बोलायचं?

का होतं?

पहिलं कारण, अँटिबायोटिक गोळ्या. खोकला-तापासाठी घेतलेल्या या गोळ्या घशातल्या जंतूंबरोबर योनीमार्गातले चांगले जंतूही मारतात. मोकळी जागा मिळाली की बुरशी फोफावते. म्हणून उठसूट मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून खायचं नाही.

दुसरं, गरोदरपण. शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्यामुळे हे वरचेवर होतं.

तिसरं, साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर रक्तात, लघवीत आणि योनीमार्गातल्या स्रावातही साखर वाढते. बुरशीला आयतं खाद्य मिळतं. शिवाय रोगाशी लढायची ताकद कमी होते. कित्येक बायकांच्या मधुमेहाचा पहिला पत्ता या खाजेतूनच लागतो. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. तसं झालं तर गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

चौथं, प्रतिकारशक्ती कमी असणं. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा एचआयव्ही असेल, तर ही बुरशी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

आणि ओल. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत निकर कुठं वाळत घालायची? दोरीवर साडीच्या आत लपवून, नाहीतर मोरीच्या खिळ्याला. पावसाळ्यात ती वाळतच नाही, आणि सकाळी कामाला जायचं म्हणून तशीच दमट चढवावी लागते. नुसत्या ओलीनं सगळ्यांना हे होतं असं नाही, पण ओल, घाम आणि घट्ट नायलॉनचा कपडा एकत्र आले की बुरशीला बरं पडतं. निकर सुती वापरा, उघडी वाळत घाला. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. तो एक कपडा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ज्यांमुळे हे होत नाही तेही सांगते. हे पापानं होत नाही, करणीनं होत नाही. बाई घाणेरडी असते म्हणून होत नाही. चिकन खाल्ल्यानं, आंबा खाल्ल्यानं होत नाही. ज्याला कारण आहे त्याला उपायही आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

संशय घेण्याआधी

आता घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. बुरशीच्या या संसर्गाला डॉक्टर लैंगिक आजारांत धरत नाहीत. कधीच संबंध न आलेल्या मुलीला होतो, विधवेला होतो, एकनिष्ठ जोडप्यातल्या बाईलाही होतो. म्हणून बायकोला खाज सुटली याचा अर्थ ती कुठं गेली होती असा होत नाही, आणि नवरा कुठं गेला होता असाही होत नाही. लग्नाच्या मुलीला झालं तर आईनं तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघू नये, दवाखान्यात न्यावं.

नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधाची गरज नसते. त्याच्या लिंगाच्या टोकाला खाज, लाली, पांढरा थर दिसला तर त्यानंही दाखवून घ्यावं आणि साखर तपासावी. बाईचं औषध चालू असेपर्यंत संबंध टाळावेत, तिला दुखतं म्हणून आणि जखम भरायला हवी म्हणून. योनीत वापरायची काही मलमं आणि गोळ्या निरोधाचं रबर कमजोर करतात, हेही लक्षात ठेवा.

ट्यूबचं खोकं वाचा

त्या बाईनं पिशवीतून ट्यूब काढून दाखवली. खोक्यावर क्लोबेटासॉल लिहिलं होतं. हे जोरदार स्टिरॉइड आहे. सोबत एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध. स्टिरॉइड खाज दाबतं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. पण त्याच वेळी ते त्या जागेची लढायची ताकदही दाबतं, आणि बुरशी आतून पसरत जाते. वरचेवर लावलं तर कातडी पातळ होते, सोलते, तिच्यावर पांढऱ्या रेषा उमटतात. 2018 साली केंद्र सरकारनं अशा स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागेल असा नियम केला. तरी गल्लीतल्या दुकानात ती मागितली की मिळतात. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव खोक्यावर असेल, तर ती ट्यूब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिथं लावायची नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. तिलाही माहीत झालेलं बरं.

तसंच डेटॉलचं पाणी, तुरटी, लिंबू, लसूण, दही यांतलं काहीही आत घालायचं नाही. जाहिरातीतल्या वासाच्या वॉशवर पैसे घालवायचे नाहीत. योनीमार्ग स्वतःला स्वतः साफ करतो. आत साबणानं धुतलं की चांगले जंतू वाहून जातात. बाहेरची जागा साध्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, एवढंच पुरे.

औषध काय असतं?

तपासून बुरशीच आहे असं वाटलं तर डॉक्टर बहुधा दोनपैकी एक देतात. एक, क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी. ती मोठ्या ताकदीची एक, नाहीतर कमी ताकदीच्या सहा-सात रात्री. दुसरं, फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची तोंडानं घ्यायची एक गोळी. दोन्ही महाग नाहीत.

आत ठेवायची गोळी कशी घ्यायची हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. रात्री झोपताना हात स्वच्छ धुवा. उताणं झोपा, गुडघे वाकवा. गोळी बोटानं जाईल तेवढी आत सरकवा. मग उठू नका, झोपूनच राहा. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर येतो. घाबरू नका, ते औषधच आहे. निकरमध्ये पॅड किंवा स्वच्छ कोरडा कापड ठेवा. पाळी येणार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. दोन-तीन दिवसांत खाज कमी होते, तरी दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवा. आठवड्यात फरक नाही, तर परत जा.

गरोदर बाईनं फ्लुकोनाझोलची गोळी मनानं कधीही घ्यायची नाही. पाळी चुकली असेल, नक्की माहीत नसेल, तरी डॉक्टरांना आधी ते सांगा. गरोदरपणात सहसा आत ठेवायचीच गोळी देतात, आणि ती थोडी जास्त दिवस. दुसरी कुठली औषधं चालू असतील तर त्यांचे कागद सोबत न्या.

केव्हा थांबायचं नाही?

ताप आणि ओटीपोटात दुखत असेल, गरोदर असाल, जखम किंवा फोड असतील, पाण्याला घाण वास येत असेल, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त किंवा खाज सुरू झाली असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. पाळी बंद झाल्यावर बुरशी सहसा कमी होते, त्यामुळे म्हातारपणीची खाज बुरशीचीच आहे असं धरून चालू नका. आणि वर्षात तीन-चार वेळा हे झालं तर नुसती गोळी घेऊन परत येऊ नका. साखर तपासा. डॉक्टर एचआयव्ही तपासणी सुचवतील तर घाबरू नका. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवतात.

कुठं जायचं? मुंबईत पालिकेचा दवाखाना, आपला दवाखाना, प्रसूतिगृह. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय. मोठ्या सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं. तिथं खास अशा तक्रारी बघतात आणि औषध मोफत देतात. तीस वर्षांच्या पुढच्या बायकांनी त्याच फेरीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होते का, तेही विचारावं.

तिथं गेल्यावर बोलायचं काय, इथंच बायका अडतात. म्हणून हे वाक्य घरी दोनदा मोठ्यानं म्हणून जा: “मला लघवीच्या जागी खाज आहे, अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं, इतके दिवस झाले, आणि मी ही ट्यूब लावली होती.” एवढं पुरे. “अंगात कसकस आहे” असं मोघम सांगाल तर तापाची गोळी घेऊन परत याल. तपासताना पडदा लावा म्हणणं, सोबत सिस्टर असू द्या म्हणणं, हा तुमचा हक्क आहे. कुणी चारचौघांत मोठ्यानं विचारलं, तर “बाजूला बोलू का?” असं स्पष्ट म्हणा. आम्हा दवाखान्यातल्या लोकांनाही ही सवय लावावी लागते.

तर ती बाई. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. रांगेत ती दोनदा म्हणाली, “ताई, जाऊ द्या, घरी जाऊ.” डॉक्टरबाईंनी आत घेतलं, तिनं ते वाक्य म्हटलं, अगदी खाली बघून, पण म्हटलं. तपासणी झाली. बुरशीच होती. ट्यूब बंद, आत ठेवायची गोळी सुरू. त्यांनी बोटातून रक्त घेऊन साखर बघितली, ती अडीचशेच्या वर. पुन्हा उपाशीपोटी तपासली, तीही जास्त. तिला मधुमेह होता आणि तिला पत्ताच नव्हता. तिची आई पाय कापावा लागून गेली होती, साखरेनंच. ते तिला त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या आठवलं.

तिच्या नवऱ्याशी मी बोलले. “भाऊ, साखरेमुळं आहे हे. तुमचा संशय चुकीचा होता.” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माझीपण तपासायची का साखर?” दोघांची तपासणी झाली.

यंदा आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, तेव्हा ती विहारात पहिल्या रांगेत होती. साखरेची गोळी चालू आहे, खाज नाही. वाचन संपल्यावर या खेपेलाही ती मागे राहिली. तिच्यासोबत एक तरुण सून होती, शेजारची. ती पोरगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. आमची बाई तिला म्हणाली, “सांग की ताईला. मी सांगितलं, मला काय झालं? बरीच झाले ना!”

जय भीम.